उजव्या मताचा इंजिनिअर आणि पुण्यातलं ऑफिस

आयटीत उजव्या विचाराच्या माणसाची गळचेपी होते का, हा वाद पुण्यात अधूनमधून पेटतो, सध्या परत पेटलाय, आणि दोन्ही बाजू इतकं ढिसाळ भांडतायत की मूळ प्रश्न बाजूलाच पडलाय. एक बाजू म्हणते, बघा गूगलने त्या इंजिनिअरला काढलं, बघा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या सीईओला जावं लागलं, आपल्याकडेही तेच चाललंय, तोंड उघडलं की एचआरची मेल येते. दुसरी बाजू म्हणते, दिल्लीत सरकार तुमचं, मुंबईत सरकार तुमचं, सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही, टीमच्या ग्रुपवर तुम्ही, आणि वर रडताय पण तुम्हीच? मी स्वतः उजव्या विचाराचा आहे, लहानपणी शाखेत गेलोय, समान नागरी कायदा व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. कायद्यात बसणाऱ्या कुठल्याही राजकीय मतामुळे कोणाची नोकरी, प्रमोशन किंवा प्रोजेक्ट जाता कामा नये, ऑफिसने माणसाचं वागणं बघावं, मत बघू नये. आणि हा नियम आपण उजव्यांनी सगळ्यात आधी तिथे पाळायला हवा जिथे आपण संख्येने जास्त आहोत. पुण्यातल्या बऱ्याच टीम्समध्ये आपण जास्त आहोत, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

उजवा विचार आणि टेक यांचं जमतच नाही असं जे म्हणतात त्यांचं मला आश्चर्य वाटतं. जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये ती मोडायच्या आधी ती का होती हे समजून घ्या, बदल करा पण बेताने करा, एवढंच तर आमचं म्हणणं आहे, आणि रोलबॅक प्लॅन, म्हणजे बिघडलं तर मागे फिरायची सोय, नसताना शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या सिस्टिमवर, बदल टाकायचा नाही हे ज्याला कळतं त्याला हे समजायला जड जाऊ नये. आणि माणसंही आहेतच की. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला, ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते विजय भटकर अध्यात्म आणि विज्ञान एकत्र नेण्याबद्दल आयुष्यभर उघडपणे बोलत आलेत, संघाशी जोडलेल्या विज्ञान भारतीचे अध्यक्ष राहिलेत. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू २०२० मध्ये संघाच्या कार्यक्रमाला जाणार म्हटल्यावर ट्विटरवर गदारोळ झाला, तरी ते मागे हटले नाहीत. म्हणजे वरच्या पातळीवर दार बंद नाहीये. पण भटकर आणि वेंबू यांना कोणाची अप्रेझल मीटिंग द्यायची नसते. प्रश्न आहे तो चार-सहा वर्षं अनुभव असलेल्या, होम लोन असलेल्या, मॅनेजरच्या एका रेटिंगवर वर्षभराची पगारवाढ ठरणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा.

आता अमेरिकेतल्या केसेस. ब्रेंडन आइक, ज्याने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली, त्याने २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाच्या विरोधातल्या प्रस्तावाला स्वतःच्या खिशातून १००० डॉलर दिले. तो प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी पासही झाला. २०१४ च्या मार्चमध्ये आइक मोझिलाचा सीईओ झाला, ती जुनी देणगी चर्चेत आली आणि दोन आठवड्यांच्या आत त्याला राजीनामा द्यावा लागला. इथे विरोधकांची बाजू कमकुवत नाहीये, ती मी मान्य करतो. सीईओ हा कंपनीचा चेहरा असतो, मोझिला स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी संस्था, आणि ज्या प्रस्तावाला त्याने पैसे दिले त्याने त्याच्याच काही सहकाऱ्यांचा लग्नाचा हक्क जाणार होता, त्यांना त्याच्या हाताखाली काम करायला कसं वाटेल? प्रश्न रास्त आहे. पण त्या वादात मुख्य मुद्दा ती देणगीच राहिली, त्याने ऑफिसात कोणाला डावललं म्हणून ही वेळ आली असं झालं नाही. लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुषाचंच, असं २००८ च्या प्रचारात बराक ओबामाही म्हणत होते, जरी त्या प्रस्तावाला त्यांचा विरोध होता. सहा वर्षांपूर्वी निम्म्या राज्याचं जे मत होतं त्याबद्दल आज नोकरी सोडायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

जेम्स डॅमोरची केस मात्र आपली माणसं सांगतात तितकी सरळ नाहीये. २०१७ मध्ये त्याने गूगलमध्ये आतल्या आत एक लांबलचक टिपण फिरवलं, त्यात टेकमध्ये बायका कमी असण्यामागे काही प्रमाणात जैविक कारणं असू शकतात असा मुद्दा होता, ते बाहेर फुटलं आणि ऑगस्टमध्ये त्याला काढलं. पुढे अमेरिकेतल्या कामगार मंडळाच्या वकिलांनी हे काढणं कायद्याला धरून आहे असं मत दिलं. मला विचाराल तर त्या टिपणातला कंपनीच्या धोरणावर टीका करणारा भाग हा त्याचा हक्क होता, त्याला उत्तर द्यायला हवं होतं, चर्चा व्हायला हवी होती. पण आपल्याच शेजारी बसणाऱ्या बायकांच्या कुवतीबद्दल सर्वसाधारण विधानं करून ती कंपनीभर वाटणं हे नुसतं राजकीय मत राहत नाही, उद्या तोच माणूस त्यांचे कोड रिव्ह्यू करणार, त्यांच्या मुलाखती घेणार, त्यांनी त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आइक आणि डॅमोर यांना एका माळेत ओवणारे आपली बाजू स्वतःच कमजोर करतात, कारण एकाने ऑफिसच्या बाहेर नागरिक म्हणून काहीतरी केलं आणि दुसऱ्याने ऑफिसच्या आत सहकाऱ्यांबद्दल केलं.

या सगळ्यावर समोरून येणारा सगळ्यात जोरदार युक्तिवाद असा की कंपनी खाजगी आहे, तिने कोणाला ठेवावं आणि कोणाला नाही हा तिचा प्रश्न. हे डावे पण म्हणतात आणि आपल्यातले बाजारवादी पण म्हणतात. ठीक आहे, मग र. धों. कर्व्यांचं काय करायचं ते सांगा. मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवणारा माणूस, त्याने १९२१ मध्ये संततिनियमनाचं काम सुरू केलं, कॉलेज मिशनऱ्यांचं, त्यांना ते रुचलं नाही आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. गणिताच्या तासाला ते काय वाईट शिकवत होते का? कॉलेज खाजगी होतं, त्याची मूल्यं होती, मूल्यांशी जुळत नाही म्हणून माणूस गेला. आज जे लोक आइकच्या जाण्यावर कंपनीला तिची मूल्यं जपायचा हक्क आहे म्हणतात त्यांनी विल्सन कॉलेजच्या बाजूने उभं राहायची तयारी ठेवावी. कर्व्यांची बहुतेक मतं मला पटत नाहीत, पण त्यांची नोकरी जायला नको होती असं मी ठामपणे म्हणतो. आणि हा खाजगीपणाचा युक्तिवाद कुठे जाऊन थांबतो? पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या मुसलमान पोराला विचारा, आडनाव ऐकल्यावर ‘फ्लॅट गेला’ म्हणून जे उत्तर येतं तेही खाजगी मालकाचा खाजगी निर्णय म्हणूनच येतं.

आपल्या पुण्याला हा प्रश्न काही नवा नाही. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोश्यांनी कोणकोण तिथे होतं त्यांची नावं पेपरात छापून आणली. पुढे ग्रामण्य झालं, म्हणजे जातीतून बहिष्काराचं प्रकरण उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळक आणि रानडे दोघांनाही प्रायश्चित्ताच्या त्या सगळ्या प्रकरणातून जावं लागलं. आज कोणाच्या तरी खाजगी चॅटचा स्क्रीनशॉट काढून तो एचआरला आणि मग ट्विटरवर टाकतात, माफी मागितली तरी पुरत नाही, तेव्हा मला हेच ग्रामण्य आठवतं, आणि ते करणारे स्वतःला पुरोगामी म्हणवतात याचं वाईट वाटतं. पण त्याच पुण्यात त्याच वर्षांत दुसरंही एक उदाहरण आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. आगरकर केसरीचे पहिले संपादक, समाजसुधारणेवरून सहकाऱ्यांशी पटेना म्हणून १८८७ मध्ये ते केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढला. त्या काळात सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. पण फर्ग्युसनमध्ये ते शिकवत राहिले आणि १८९२ मध्ये तिथले प्रिन्सिपॉल झाले. टिळक १८९० मध्ये फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले ते मुख्यतः संस्थेच्या नियमांवरून आणि पैशांच्या प्रश्नावरून, मुलींचं संमतीचं वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या बिलाचा मोठा वाद पेटला तो त्यानंतर. त्यांच्या जागी गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले, १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि कॉलेजात मात्र ते १९१४ पर्यंत शिकवत राहिले. गावाने वाळीत टाकलं पण संस्थेने नोकरी काढून घेतली नाही. ज्या शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एवढा समंजसपणा दाखवता आला तिथे आज चकचकीत टॉवरमध्ये बसून आपल्याला तो का दाखवता येऊ नये?

यातून एक भेद स्पष्ट होतो. केसरीचा संपादक आणि फर्ग्युसनचा प्राध्यापक या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पेपरच्या संपादकाचं मत हेच त्याचं काम असतं, तिथे मत जुळलं नाही तर बाजूला होणं समजण्यासारखं आहे. टेकमध्येही अशा थोड्या जागा आहेत. २०२० मध्ये फेसबुकच्या भारतातल्या धोरण विभागाच्या प्रमुखांवरून केवढा वाद झाला, वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली होती की एका भाजप आमदाराच्या पोस्टला द्वेषपूर्ण भाषणाचा नियम लावायला त्यांनी विरोध केला. कोणती पोस्ट राहणार आणि कोणती जाणार हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसलेल्या माणसाची राजकीय मतं लोक तपासणारच, ती तपासायला हवीतच. पण पेमेंट गेटवेचं बॅकएंड लिहिणाऱ्या, टेस्टिंग करणाऱ्या, डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाने कोणाला मत दिलं याचा त्याच्या कामाशी काय संबंध?

आता आपल्याकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते याबद्दलच. पुण्यातल्या ऑफिसमध्ये दोन वेगवेगळी वातावरणं एकाच वेळी असतात. एक अमेरिकेतल्या हेड ऑफिसहून येतं, जूनमध्ये समलिंगी हक्कांच्या महिन्यासाठी लोगो रंगीत होतो, ट्रेनिंगचे व्हिडिओ येतात, त्यातली काही गृहीतकं माझ्यासारख्याला पटत नाहीत आणि तिथे तसं बोललं तर आपण मागासलेले ठरू ही भीती खरी आहे, ती काल्पनिक आहे असं कोणी म्हणू नये. दुसरं वातावरण जेवणाच्या टेबलावर आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतं, तिथे भीती दुसऱ्या कोणाला तरी वाटते. आरक्षणाचा विषय निघतो, कोणीतरी म्हणतं ‘यांच्यामुळे आपल्या पोरांना सीओईपीला ॲडमिशन मिळत नाही’, आणि टेबलावर बसलेली एक मुलगी खाली मान घालून डबा संपवते. ती काय विचार करत असेल? खाजगी कंपनीत आरक्षण नाहीच, ती तुमच्याच सारख्या मुलाखतीच्या फेऱ्या पार करून आलीये, तरी तिने रोज स्वतःला सिद्ध करायचं. आरक्षणाच्या धोरणाला विरोध असणं हे मत आहे, ते मत असायचा हक्क मी शेवटपर्यंत मान्य करेन. पण तिच्या आडनावावरून तिची कुवत ठरवणं, तिला ‘तुझा रँक काय होता गं’ विचारणं, हे वागणं आहे आणि ते थांबवणं हे मॅनेजरचं काम आहे.

२२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली त्या दिवशी, राज्य सरकारने सार्वजनिक सुट्टी दिली होती तरी आमच्यासारख्या अनेकांचं काम चालू होतं. मला त्या दिवशी अपार आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही, पेढे वाटले. त्यात चूक काहीच नाही. पण एका ओळखीच्या मुलाने मला नंतर सांगितलं की त्याच्या टीममध्ये मुसलमान सहकाऱ्याला ‘जय श्रीराम तू पण म्हण ना, काय बिघडतंय’ असा आग्रह केला, तो हसला, म्हणाला, आणि नंतर त्या टीमबरोबर जेवायला बसायचं त्याने कमी केलं. आनंद साजरा करणं वेगळं आणि दुसऱ्याची परीक्षा घेणं वेगळं. आपल्याला ज्या प्रकारच्या सक्तीचा राग येतो, की अमुक रंगाची रिबन लाव नाहीतर तू वाईट, तीच सक्ती आपण करत असू तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? अजून एक विचारतो. ऑफिसात गणपती बसवायला कोणाची परवानगी लागत नाही, ॲडमिन विभाग स्वतः फुलं आणतो, मला ते फार आवडतं आणि ते चालूच राहावं. मग १४ एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो ठेवायचा म्हटल्यावर ‘हे राजकीय होईल का’ असा प्रश्न का येतो?

म्हणूनच ऑफिसात राजकारण पूर्ण बंद हा उपाय मला अर्धाच वाटतो. कॉइनबेस या अमेरिकेतल्या क्रिप्टो कंपनीने २०२० मध्ये तसं केलं, ज्यांना पटत नाही त्यांनी पैसे घेऊन जा म्हटलं, सुमारे ६० लोक गेले. बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये तसंच केलं तर जवळजवळ एक तृतीयांश कंपनी रिकामी झाली. कामाच्या चॅनेलवर निवडणुकीचे मेसेज नकोत हे मलाही मान्य आहे, कामं होतात त्याने. पण काय राजकीय आणि काय नाही हे बहुसंख्य लोकच ठरवतात, त्यांच्या सवयी संस्कृती ठरतात आणि इतरांच्या सवयी राजकारण. अमेरिकेत तो फटका आमच्या विचाराच्या लोकांना बसतो, इथे दुसऱ्यांना बसतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये गूगलने इस्रायलशी असलेल्या कंत्राटाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या सुमारे ५० जणांना काढलं तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी ऑफिस अडवून बसायचा प्रयत्न केला त्यांच्यावर कारवाई व्हायला माझी हरकत नाही, ते वागणं आहे. पण कोणाला नुसतं पत्रकावर सही केली म्हणून काढलं असतं तर? तेव्हाही टाळ्या वाजवणार असाल तर आइकबद्दल बोलायचा अधिकार तुम्हाला उरत नाही.

कायद्याचा आधार या बाबतीत आपल्याकडे तुटपुंजा आहे आणि याबद्दल दोन्ही बाजूंचे लोक गप्प आहेत. राज्यघटनेचं कलम १९ आपल्याला बोलायचं स्वातंत्र्य देतं ते मुख्यतः सरकारच्या विरोधात, कंपनीच्या नाही. कॅलिफोर्नियात १९३७ पासून कायदा आहे की मालकाने नोकराच्या राजकीय कामावर बंधन घालायचं नाही, आपल्याकडे खाजगी नोकरीसाठी तसं थेट कलम नाही. सरकारी नोकरीबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये एक सुंदर निकाल दिलाय. मध्य प्रदेशातल्या रामशंकर रघुवंशी नावाच्या शिक्षकाला संघाच्या आणि जनसंघाच्या कामात भाग घेतल्याच्या पोलीस रिपोर्टवरून काढून टाकलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी सांगितलं की आधीच्या कायदेशीर राजकीय कामामुळे माणसाला नोकरी नाकारता येत नाही, आणि हे असलं पोलिसी खोदकाम आपल्या घटनेत बसत नाही. आपली माणसं हा निकाल विसरलीत. तो संघाच्या माणसाला मिळालेला न्याय होता, पण तत्त्व सगळ्यांसाठी होतं, उद्या कम्युनिस्ट पक्षाचं काम केलेल्या मुलाला तोच निकाल लागू होतो.

समोरून शेवटचा आक्षेप येतो तो मला सगळ्यात जड वाटतो. मत आणि वागणं असं वेगळं काढता येतं का? समलिंगी सहकाऱ्याला माहीत आहे की शेजारी बसलेल्या मला त्याचं लग्न कायदेशीर व्हायला नकोय, तो माझ्याबरोबर मोकळेपणाने काम करेल का? हे सोपं नाही, आणि याचा त्रास मला कमी आणि त्याला जास्त होतो हेही खरं. पण पर्याय काय आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा विवाह मान्य करायला नकार दिला आणि विषय संसदेवर सोडला, म्हणजे हा देशात अजून चालू असलेला वाद आहे, ज्या बाजूला आज कायदा आहे तिथे उभ्या माणसाला नोकरीतून काढायचं, आणि उद्या कायदा बदलला की दुसऱ्या बाजूच्या माणसाला काढायचं, असं करणार आहोत का? २०१३ चा पॉश, म्हणजे कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणारा, कायदा बघा, तिथे समिती माणसाने काय केलं, काय म्हटलं, कोणाला, केव्हा हे विचारते, त्याच्या डोक्यात काय आहे हे विचारत नाही, आणि तरीही तो कायदा काम करू शकतो. मी त्या सहकाऱ्याचा रिव्ह्यू नीट केला का, मीटिंगला बोलावलं का, त्याच्या पार्टनरबद्दल पाठीमागे विनोद झाला तेव्हा मी गप्प बसलो का, यावर मला जोखा. शेवटच्या प्रश्नावर मी कमी पडलो तर मला बोलायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पुण्यातल्या कंपन्यांनी आपल्या हँडबुकात एवढं लिहायला काहीच अडचण नाही, की ऑफिसबाहेरचं कायदेशीर राजकीय काम, देणगी, मत हे कंपनी विचारात घेणार नाही, ज्या थोड्या जागांवर ते विचारात घ्यावं लागेल त्या आधीच सांगितल्या जातील, आणि तक्रार करायची तर कृत्य सांगावं लागेल. उजव्या विचाराच्या लोकांनी हे कलम मागायला एचआरकडे जरूर जावं. पण जाताना टीममधला तो डाव्या विचाराचा मुलगा, त्या टेबलावर मान खाली घालून जेवणारी ती मुलगी, तो मुसलमान टेस्टर, यांना सोबत घेऊन जावं, कारण त्या कलमाची गरज पुण्यात आपल्या आधी त्यांना पडणार आहे असा माझा अंदाज आहे.